आळशी माणसांसाठी अळशीची उशी

आमच्या घरात दुपारी आडवं व्हायला कारण लागतं. ताप आला असेल, रात्रभर प्रवास झाला असेल, नाहीतर वय सत्तरीच्या पुढे गेलं असेल, तर चालतं. एरवी भर दुपारी डोळे मिटून पडलेल्या माणसाला आधी "बरं वाटत नाही का?" असं विचारतात आणि उत्तर "वाटतंय की" असं आलं, तर "आळशी" हा शब्द मग फार लांब राहत नाही.

गंमत अशी की आज मी ज्या बियांबद्दल लिहिणार आहे, त्यांचं मराठीतलं एक नाव अळशी. दुसरं नाव जवस. इंदूरच्या किराणा दुकानात मात्र "भैया, अलसी देना" म्हटल्याशिवाय पुडी मिळत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या नातेवाइकांकडे ह्याच बियांची चटणी भाकरीबरोबर असते. आमच्या घरी त्या सध्या शिवणाच्या डब्यात आहेत, कारण गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या उश्या शिवल्या. डोक्याखाली घ्यायच्या नव्हेत, डोळ्यांवर ठेवायच्या.

डोळ्यांची उशी म्हणजे वीतभर लांब, मुठीएवढी रुंद, बियांनी सैलसर भरलेली कापडी पिशवी. पाठीवर झोपायचं, डोळे मिटायचे आणि ती डोळ्यांवर आडवी ठेवायची. उजेड बंद होतो. कापड गार लागतं. थोडंसं वजन भुवयांवर आणि गालांच्या हाडांवर पसरतं. दहा-पंधरा मिनिटांनी उठायचं. बस, एवढंच. एखादी दुपार, दोन वीत कापड आणि पाव किलोच्या आत जवस, एवढ्यात ती तयार होते.

डोळे थकतात म्हणजे काय होतं?

माझा धाकटा भाऊ परदेशी ग्राहकांसाठी रात्रपाळी करतो. सकाळी पोहे खाऊन झोपतो आणि दुपारच्या उन्हाने उठतो. मी घरूनच हिशेबाचं काम करते, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास समोर आकड्यांचे तक्ते. संध्याकाळी आम्हा दोघांचे डोळे सारखेच लाल.

ह्यात जादूटोणा काही नाही. एरवी माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे एकटक बघताना हे प्रमाण बरंच खाली येतं. पापणी मिटली की अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर पुन्हा पसरतो. ती मिटलीच नाही की तो थर वाळतो आणि डोळे चुरचुरायला लागतात. शिवाय जवळचं बघताना डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलणारा बारीक स्नायू आकसलेला राहतो. म्हणून नेत्रतज्ज्ञ सांगतात, दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. नियम सोपा आहे. पाळणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, कारण वीस सेकंदांची सुट्टी मिळाली की आपण फोन उचलतो.

इथे ह्या उशीचा खरा उपयोग कळतो. ती डोळ्यांवर असताना दुसरं काहीही करता येत नाही. फोन बघता येत नाही. उठून बसलात तर ती खाली पडते. कुशीवर वळलात तरी पडते. विकतच्या पट्टीला मागे इलॅस्टिक असतं, ती लावून माणूस घरभर फिरू शकतो. ही उशी मात्र तुम्हाला सरळ, स्वस्थ पडायला लावते.

योग शिकणाऱ्यांना ह्यात नवीन काही वाटणार नाही. पाठीवर निश्चल पडून राहण्याने थकवा जातो आणि मन विसावतं, हे हठयोगप्रदीपिकेत शवासनाबद्दल सांगितलेलंच आहे. १९३७ पासून पुण्यात योग शिकवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगारांनी घोंगड्या, पट्टे, लाकडी ठोकळे अशा साधनांचा आधार घेऊन आसनं शिकवली. त्यांच्या परंपरेत विश्रांतीच्या वेळी कपाळाभोवती आणि डोळ्यांवर मऊ पट्टी हलकेच गुंडाळण्याचीही पद्धत आहे. बियांची उशी हे त्याच कल्पनेचं सोपं, घरगुती भावंड.

आणि बियांची उशी आपल्या घरांना परकी कुठे आहे? बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवणाऱ्या आज्या प्रत्येकाच्या घरात होऊन गेल्या. (आजचे बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळाच्या झोपण्याच्या जागी कुठलीच उशी ठेवू नका म्हणतात, तेव्हा ती पद्धत आठवणीतच राहू द्या.)

आत्या सांगणार, मी शिवणार

गेल्या डिसेंबरात आत्या उज्जैनहून आमच्याकडे आली ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. ऑपरेशन छान झालं. लांबचं तिला लख्ख दिसायला लागलं. गच्चीवरून पलीकडच्या इमारतीवरची पाटी वाचून दाखवण्याचा तिला छंदच लागला. पण जवळचं धूसर. जवळचा चष्मा महिन्याभराने मिळणार होता. तोपर्यंत पोथी नाही, विणकाम नाही, शिवण नाही. काळा चष्मा लावून ती दिवाणावर बसून राहायची आणि हातांना काम नसल्यामुळे सगळ्यांच्या कामात लक्ष घालायची.

भावासाठी अशी उशी शिवायचं माझ्या मनात होतं. मशीन मला चालवता येत नाही. मी आत्याला विचारलं, हाताने जमेल का?

"मशीन कशाला हवंय त्याला? वीतभर तर पिशवी. तू सुई ओव, मी सांगते."

असं आमचं शिवण सुरू झालं. तिला टाके दिसत नव्हते, म्हणून ती बोटं फिरवून तपासायची. शिवणीवरून अंगठा नेत म्हणायची, "इथे दाट घाल. जवस निसरडं असतं, वाट शोधतं."

त्या दोन दुपारींत मला कितीतरी शब्द मिळाले, जे मी ऐकले होते पण कधी वापरले नव्हते. धावदोरा म्हणजे पुढे पुढे पळणारा साधा टाका. उलटी टीप म्हणजे एक टाका पुढे टाकून सुई परत मागे आणायची, तो पक्का. हेम म्हणजे कडेची दुमड कापडाला हलके टाचत जाणं. अस्तर, दुमड, कच्ची शिवण, बेतणं. आमच्या पिढीला इंदुरात मराठी बोलता येतं, पण कामं आपण हिंदीत नाहीतर इंग्रजीत करतो, म्हणून कामाचे शब्द आधी जातात. ते परत यायला काम हातात घ्यावं लागतं, एवढं मला कळलं.

कात्री लावायची की नाही

मग प्रश्न आला कापडाचा.

आमच्या ट्रंकेत आजीचं एक महेश्वरी लुगडं होतं. आजीला जाऊन सहा वर्षं झाली. मोरपंखी रंगाचं, अंगात सुती-रेशमी, काठाला बारीक जर. महेश्वर इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर. अहिल्याबाई होळकरांनी तिथे राजधानी नेली आणि विणकरांना आश्रय दिला, हे आपल्याकडच्या मुलांना शाळेच्या आधी घरी समजतं. तिथल्या ताण्याला रेशीम आणि बाण्याला सूत, म्हणून कापड हलकं, सळसळीत आणि उन्हाळ्यातही अंगाला न चिकटणारं.

पण रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की घडीच्या रेघेवर विरतं. लुगडं उलगडलं तेव्हा तीन ठिकाणी रेघेने तडकलेलं दिसलं. नेसता येण्याजोगं ते राहिलेलं नव्हतं.

आत्या म्हणाली, "ह्यातूनच काढ."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो वन्सं, सासूबाईंचं शेवटचं लुगडं आहे ते. कात्री लावायला माझा हात व्हायचा नाही."

"वहिनी, तुमचा नको, हिचा चालेल. आणि आई असती तर तिनं कधीच फाडून गोधडीला लावलं असतं. तिनं ट्रंकेत कापड कधी मरू दिलं का?"

त्यावर आई काही बोलली नाही. आजी खरंच तशी होती. वापरून वापरून मऊ झालेल्या कापडाला आपल्याकडे जुनेर म्हणतात. तिच्या हातून जुनेराची दुपटी झाली, देवघरातली पुसणी झाली, चार थरांच्या गोधड्या झाल्या. ह्या एका लुगड्याला तिने हात लावला नाही, कारण ते चांगलं होतं. चांगलं म्हणून जपलं, आणि जपल्यामुळेच ते विरलं.

आईने लुगडं स्वतःच उन्हाआड गच्चीवर झटकलं, सौम्य साबणाने धुतलं, सावलीत वाळवलं आणि माझ्यापुढे आणून ठेवलं. "काठ नीट काप," एवढंच म्हणाली. विरलेला भाग सोडून त्यात सहा उश्यांचं कापड निघालं.

कापड कसं निवडाल

लुगडं नसेल तर अडायचं काही कारण नाही. लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा.

उशीला दोन पिशव्या हव्यात. आतली पिशवी घट्ट विणीची: पॉपलीन, जुनी सुती चादर, परकराचं कापड. जवसाची टोकं जरा अणकुचीदार असतात, फार विरळ मलमलीतून ती टोचतात. बाहेरचा अभ्रा मऊ हवा, कारण तो पापण्यांना लागतो आणि तो काढून धुवायचा असतो. जुनेर इथे नव्या कापडापेक्षा नेहमी सरस.

नवं कापड घेतलंत तर आधी धुवा, म्हणजे खळ जाईल आणि आटायचं असेल तेवढं आटेल. ट्रंकेतलं कापड असेल तर डांबराच्या गोळ्यांचा वास पूर्ण जाईपर्यंत धुवा आणि वाळवा. तो वास डोळ्यांजवळ नको. कापड पातळ झालं असेल तर आतून मलमलीचं अस्तर लावा. जर, टिकल्या, कशिदा हे सगळं मागच्या बाजूला येईल असं बेता. मी काठ मागे घेतला. महेश्वरी काठ दोन्ही बाजूंनी नीट दिसतो ही त्याची ख्याती, त्यामुळे उशी उलटी ठेवली तरी देखणी दिसते.

बेतणं आणि शिवणं

आत्याचं माप वितीचं आणि बोटांचं. मी ते पट्टीने मोजून ठेवलं.

आतली पिशवी: २५ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद असे दोन तुकडे. सुलट बाजू आत ठेवून एकावर एक ठेवा, टाचण्या लावा. कडेपासून १ सेंटिमीटर आत चारी बाजूंनी उलटी टीप घाला. एका आखूड बाजूला मात्र ५ सेंटिमीटरचं तोंड उघडं ठेवा. टाके दोन-तीन मिलिमीटरचे, दाट. दोरा दुहेरी. चारही कोपऱ्यांवरचं जादा कापड तिरकं कापा, पण टाक्याला कात्री लागू देऊ नका. मग त्या तोंडातून पिशवी सुलटी करा. पेन्सिलीच्या बोथट टोकाने कोपरे बाहेर काढा. तयार पिशवी २३ बाय १० सेंटिमीटरची होते.

भरणं: जुन्या कागदाचं नरसाळं करा आणि १८० ते २०० ग्रॅम जवस आत ओता. एक किलोत पाच उश्या आरामात होतात. पिशवी गच्च भरायची नाही. साधारण तीन चतुर्थांश भरली की पुरे. हातावर आडवी टाकल्यावर तिची दोन्ही टोकं खाली लवली पाहिजेत. उशी चेहऱ्याच्या चढउतारांवर बसली तर आराम वाटतो. ताठ राहिली तर ती फक्त नाकावर बसते. मग तोंडाच्या कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी बंद करा आणि तिथून पुन्हा एकदा टाके घ्या.

अभ्रा: ६० सेंटिमीटर लांब, १३ सेंटिमीटर रुंद अशी एकच पट्टी. दोन्ही आखूड कडा एक-एक सेंटिमीटर दोनदा दुमडून हेम घाला. पट्टी ५६ सेंटिमीटर उरेल. ती सुलट बाजू वर ठेवून पसरा. दोन्ही टोकं मध्याकडे अशी दुमडा की ती एकमेकांवर ८ सेंटिमीटर चढतील आणि घडी २४ सेंटिमीटर लांबीची होईल. वरच्या आणि खालच्या लांब कडांना १ सेंटिमीटर सोडून टीप घाला. सुलटं करा. बटण नको, चेन नको. उशी मागच्या फटीतून आत सरकवली की झालं, अगदी उशीच्या अभ्र्यासारखं. डोळ्यांपाशी कडक काहीच नको, म्हणून हीच पद्धत बरी.

पहिली उशी मला दोन दुपारी लागली. तिसरी दीड तासात झाली.

जवसच का?

तांदूळ, राळा, मोहरी, बाजरी, काहीही भरता येतं. पण जवसाचा दाणा चपटा, गुळगुळीत आणि हलका. दाणे एकमेकांवरून घसरतात, म्हणून पिशवी पाण्यासारखी वाहते आणि चेहऱ्याचा आकार घेते. तांदूळ जड पडतो आणि तसा वाहत नाही. मोहरी वाहते, पण तिचा वास सगळ्यांना सोसत नाही.

ह्या झाडाची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. बी ज्याची अळशी, त्याच झाडाच्या खोडाच्या धाग्यापासून लिननचं कापड बनतं. इंग्रजीत अस्तराला लायनिंग म्हणतात, तो शब्दसुद्धा लिननवरून आला. ह्या झाडाच्या शास्त्रीय नावातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'अतिशय उपयोगी' असा आहे. नाव देणाऱ्याने विचार करून दिलं होतं. आपल्या मध्य प्रदेशात हे पीक मोठ्या प्रमाणावर होतं, तेव्हा ताजं बी मिळायला अडचण नाही. मी सियागंजातून आणलं. निवडून, चाळून घ्या. खडा राहायला नको.

भरण्याआधी एक काम जरूर करा. जवस हवाबंद पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे त्यात किडीची अंडी असली तर मरतील. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लगेच उघडलीत तर बाष्प धरतं आणि बी दमट होतं.

सुगंध हवा असेल तर बियांमध्ये वाळ्याची बारीक कातरलेली मुळं चमचाभर घाला, किंवा पूर्ण वाळलेल्या गुलाबपाकळ्या चुरून घाला. लॅव्हेंडरची वाळलेली फुलंही हल्ली मिळतात. सुगंधी तेल कापडावर शिंपडू नका, ते डोळ्यांना झोंबू शकतं. कापूर तर नकोच. ज्याला वासाने डोकं दुखतं, त्याच्यासाठी बिनवासाची उशी सगळ्यात चांगली.

वापरताना

उशी नाकावर दाब न येता भुवया आणि गालांची हाडं ह्यांच्यावर टेकली पाहिजे. बुबुळांवर दाब जाणवला तर ती जड आहे. थोडे दाणे कमी करा. डोळ्यावर दाब दिला की हृदयाचे ठोके मंदावतात ही प्रतिक्षिप्त क्रिया १९०८ मध्ये वैद्यकात नोंदली गेली, आणि अशा उश्यांची जाहिरात करणारे तिचा दाखला देतात. पण ती क्रिया डोळ्यावर खरोखर दाब किंवा ताण आला की होते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर तिच्यावर काळजीने लक्ष ठेवतात. आपल्याला ती घडवून आणायची नाही. अंधार, गारवा आणि स्वस्थपणा एवढं पुरे. जास्त वजन म्हणजे जास्त आराम नव्हे.

उन्हाळ्यात उशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. गरम करायची असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा. ज्यांना काचबिंदू आहे, ज्यांच्या पडद्याचा त्रास आहे, ज्यांचं मोतीबिंदूचं किंवा चष्म्याचा नंबर घालवण्याचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे, त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय ही वापरू नये. डोळे आले असतील तर तुमची उशी तुमचीच, दुसऱ्याला देऊ नका. लहान मुलांच्या चेहऱ्यावर ठेवू नका. अभ्रा आठवड्याला धुवा. आतली पिशवी भिजवू नका. जवसात तेल असतं, ते काही महिन्यांनी खवट होतं. वास बदलला की दाणे टाकून नवे भरा. म्हणून मी एका बाजूचे टाके उसवायला सोपे ठेवते.

ह्या यादीमुळे आमच्या घरात एक विचित्र गोष्ट झाली: जिने उशी शिकवली, तिलाच ती वापरायला बंदी. आत्याने तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना विचारलं. त्यांनी थांबायला सांगितलं. ती घरी येऊन म्हणाली, "ठीक आहे, माझी उशी ट्रंकेत ठेवू नका म्हणजे झालं."

उशी कुणाला लागली

भावाला उशी आवडली. सकाळी झोपताना तो ती घेतो. गाढ झोप लागल्यावर ती कुठेतरी घरंगळते, आणि ते चांगलंच. पण ही उशी खरी लागू पडली ती दुसऱ्याच माणसाला.

आईला अर्धशिशी आहे. कित्येक वर्षं. डोकं दुखायला लागलं की ती बाम लावते आणि भाजी निवडायला बसते. दुपारी ती पडलेली मी लहानपणापासून पाहिलेली नाही. मला वाटायचं, तिला झोपच येत नाही. आत्याने एका दुपारी सहज सांगितलं, "आमची आई दुपारी कधी पडली नाही. ती बसलेली असायची, मग सून कशी पडणार?"

पस्तीस वर्षांत हे कुणी कुणाला बोललं नव्हतं. आजी वाईट नव्हती. तिने कधी पडू नकोस म्हटलं नाही. फक्त ती बसलेली असायची.

दुसऱ्या दिवशी आत्याने आईला हाक मारली. "वहिनी, हिने शिवलेली उशी नीट बसते की नाही, मला दिसत नाही. जरा पडून बघा आणि सांगा." आई म्हणाली, गॅसवर दूध आहे. मी दूध बघायला गेले. परत आले तेव्हा आई दिवाणावर सरळ पडली होती आणि तिच्या डोळ्यांवर आजीचं मोरपंखी लुगडं होतं. आत्या खुर्चीत बसून राखण करत होती. आल्यागेल्याला बोटाने गप्प करत होती.

आई वीस मिनिटांनी उठली. "जवस थोडं कमी कर," म्हणाली. तपासणीचा निकाल तिने प्रामाणिकपणे दिला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तपासायला पडली. आता ती कारण सांगत नाही.

उशीने अर्धशिशी बरी झाली असं मी म्हणणार नाही. तिची औषधं चालू आहेत आणि ती चालूच राहायला हवीत. पण दुखायला लागलं की अंधारात पडावं, हे डॉक्टर तिला कधीपासून सांगत होते. ते ऐकायला तिला हातात काहीतरी हवं होतं, ज्याला काम म्हणता येईल.

संक्रांतीचं वाण

मंडळी, आता माझा एक प्रस्ताव आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे हळदीकुंकवं होतात. प्रत्येकीच्या घरी आता वाणात आलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांचा वेगळा फडताळा झाला असेल. येत्या जानेवारीला आपण डोळ्यांची उशी लुटूया. पाच उश्यांना एक किलो जवस, एक जुनी चादर आणि ट्रंकेतलं एखादं जुनेर. पॉपलीन हवंच असेल तर महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात चक्कर मारा. चादर असेल तर तीही गरज नाही.

मुलांनीही शिवावं. धावदोऱ्याला स्त्री-पुरुष कळत नाही. माझ्या भावाने त्याच्या रात्रपाळीच्या मित्रासाठी एक शिवली आहे. टाके वाकडे आहेत, पण एकही दाणा बाहेर आलेला नाही. आत्याने अंगठा फिरवून पास केलं. तिला आता जवळचा चष्मा मिळालाय, तरी ती तपासते बोटांनीच.

एक गोष्ट मात्र नक्की करा. घरातल्या ज्या मोठ्या माणसाला शिवण येतं, त्याला शेजारी बसवा आणि सांगू द्या. आणि उशी तयार झाली की ती आधी त्या माणसाला द्या, जो "मला कशाला हवी?" असं म्हणेल.